गुरुवारचं लाइव्ह

रिंग लाइटकडे पाहणाऱ्या माणसाच्या बुबुळात एक बारीक पांढरं कडं उमटतं. मोबाइलच्या पडद्यावर शिवलीलाला ते आपल्या दोन्ही डोळ्यांत दिसत होतं. नजर जरा इकडेतिकडे केली तरी ते हलत नव्हतं, कारण दिवा हलत नव्हता.

चादरी विकायचं लाइव्ह सुरू व्हायला अजून थोडा वेळ होता. सात रस्ता चौकाजवळच्या तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, दुकानात चादरींचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते. मधल्या जागेत तिचं स्टूल, दिवा आणि मोबाइलचा स्टँड एवढंच मावत होतं. उठायचं तर आधी दिवा सरकवावा लागे. तिने बसल्या बसल्याच लक्षद्वीपला फोन लावला.

मोबाइल आणि व्हिडिओंमुळे बेटांवरच्या लोकांची कमाई कशी बदलली, हा तिच्या पीएचडीचा विषय होता. समुद्र तिने अजून पाहिला नव्हता. माहिती सगळी फोनवरून जमवलेली. रहमतबी एका लहानशा बेटावर राहायची आणि सुकवलेली मासळी व्हिडिओवर दाखवून विकायची. प्रबंधातलं ते सगळ्यात चांगलं उदाहरण होतं. त्याखाली शिवलीलाने लिहिलं होतं, फोन आला आणि बेट मोकळं झालं.

"मग आता तुमचं बाहेर जाणं-येणं वाढलं असेल?" तिने हिंदीत विचारलं.

रहमतबी हसली. "मासळी जाते की कोचीला, मुंबईला. मी कुठे जाते? गिऱ्हाइकाला माझंच तोंड लागतं. भाऊ बसला तर कुणी घेत नाही. आधी लग्नकार्याला तरी बोटीत बसायचे. आता घरचे म्हणतात, तू गेलीस की धंदा बसला. तुमचं बरं आहे, मॅडम. शिकता, फिरता."

शिवलीला "हो" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. प्रबंधातलं ते वाक्य खोडायला हवं होतं. त्याविरुद्ध दोन पुरावे होते. एक रहमतबी, आणि दुसरा इथे स्टुलावर बसला होता.

गाइड मॅडमचा निरोप सकाळीच आला होता. बेटावर सहा महिने राहून अभ्यास करायची परवानगी मिळाली होती. येणार की नाही, ते आजच कळवायचं. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

जावं लागेल, हे ती अप्पांना श्रावणापासून सांगू पाहत होती. तिने तोंड उघडलं की ते लाडानं म्हणायचे, "दसरा होऊ दे की, अव्वा. मग बोलू." दसऱ्यामागून दिवाळी आली, मग लग्नसराई, मग सिद्धेश्वराची यात्रा. आज सकाळी त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीचं नाव काढलं होतं. ते कधी रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता आलं असतं. "या पोरीनं दुकान उभं केलं बघा," असं ते येईल त्याला सांगायचे, आणि तिचं बोलणं राहूनच जायचं.

"बेगा बेगा! लवकर, माणसं आली बघ," मोबाइलच्या मागून अप्पा म्हणाले. त्यांच्या हातात पहिली चादर तयार होती.

लाइव्ह सुरू झालं. अक्कलकोटच्या रत्नम्मा काकूंची कमेंट नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आली. "लीला, तोंड का उतरलंय गं? जेवलीस का न्हाय?"

"जेवले की, काकू," शिवलीला हसून म्हणाली. तिने चादर उलगडली, नक्षी दाखवली, भाव सांगितला. पटापट मागण्या येऊ लागल्या. फारच पटापट. मग तिच्या लक्षात आलं. हातात डबल चादर होती आणि तिने सिंगलचा भाव सांगितला होता.

"माफ करा हं, चुकून मी..."

अप्पांनी मागून दोन्ही हात जोरजोरात हलवले. तिने माइक बंद केला.

"दिलं म्हण," ते म्हणाले.

"अप्पा, पण यात लई तोटा..."

"गिऱ्हाइकासमोर बोललीस न्हवं? आता तो शब्द त्यांचा. त्यातून मागं सरकायचं न्हाय."

तिने माइक सुरू केला आणि त्याच भावात दिल्याचं सांगितलं. मोबाइलच्या वरून तिने अप्पांकडे पाहिलं. त्यांचं तोंड आंबट झालं होतं, पण हात गठ्ठ्यातून डबल चादरी ओढून काढायलाही लागले होते.

रत्नम्मा काकूंची आणखी एक कमेंट आली. "पुढच्या गुरुवारी मोराची चादर दाखव गं."

अप्पा मागून मान डोलवत होते. हो म्हण, हो म्हण. शिवलीलाने अप्पांवरची नजर काढून कॅमेऱ्यात पाहिलं.

"दाखवणार की, काकू. पण पुढच्या गुरुवारपासून अप्पा दाखवतील. मी सहा महिन्यांसाठी लक्षद्वीपला चाललेय."