पेन्शनवाली

“पेन्शनवाल्यांनी आत बसून घ्या. निराधारवाल्यांनी भिंतीकडेनं रांग धरा,” बँकेचा शिपाई दारातूनच ओरडला.

एकाच रिक्षातून उतरलेल्या दोघी जावा दारात वेगळ्या झाल्या. थोरली शालूबाई खुर्चीत जाऊन बसली. ती आकाराम सुभेदारांची विधवा. ते गेल्यापासून तिला लष्कराची पेन्शन मिळत होती. धाकटी धोंडुबाई भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा नवरा इंद्रजित उसानं भरलेल्या ट्रॉलीखाली सापडून गेला. त्याच्यामागं काहीच नव्हतं. तिला निराधार योजनेचे पैसे यायचे.

दोघींचं रान एक, चूलही एक. पण कुंडल गावात शालूबाई दिसली की माणसं वाट द्यायची. धोंडुबाईकडं कुणी वळूनही बघत नसे.

सर्व्हर बंद पडला. रांग दाराबाहेर गेली आणि बोलणं सुरू झालं.

निवृत्त शिक्षक तानाजी गुरुजी शालूबाईच्या शेजारीच बसले होते. “फुकट वाटून वाटून देशाचं वाटोळं केलं,” ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “आमची पेन्शन हक्काची आहे. तीस वर्षं खडू झिजवलाय. या शालूबाई बघा. बर्फात उभं राहून देश राखलाय यांच्या घरानं. यांचा पैसा घामाचा. आणि ही रांग! नुसता हात पसरायचा, झालं.”

चार-पाच जणांनी माना डोलावल्या. शालूबाई नकळत ताठ बसली. असं कुणी बोललं की तिला बरं वाटायचं.

मग तिची नजर भिंतीकडं गेली. धोंडुबाईनं पासबुक पदराखाली सारलं होतं. बेदाण्याच्या शेडवरचा आजचा रोज बुडवून ती आली होती. गुडघे ठणकत होते. या पायावरचा भार त्या पायावर टाकत ती खाली मान घालून उभी होती.

शालूबाईला जोधपूरचं क्वार्टर आठवलं. मालकांची बदली होईल तिथं ती वीसेक वर्षं त्यांच्याबरोबर फिरली; ते बर्फात सीमेवर गेले की ती क्वार्टरातच राहायची. नळाला पाणी, कॅन्टीनचं सामान, दिवाळीला नवी साडी. मागं गावाकडं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं धोंडुबाईनं काढलं. दोन्ही भावांचं रानही तिनंच सांभाळलं.

शालूबाई उठली. धोंडुबाईचा दंड धरून तिनं तिला आत आणलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं.

“आक्का, असं नका करू. लोकं बघत्यात,” धोंडुबाई पुटपुटली.

“बघू देत.”

गुरुजी गडबडले. “अहो शालूबाई, ही जागा पेन्शनवाल्यांची. कष्टाचा मान आहे तो तुमचा.”

“कुणाच्या कष्टाचा?” शालूबाईचा आवाज रांगेच्या शेवटापर्यंत गेला. “आवं गुरुजी, बर्फात हुभं राहिलं आमचं मालक. मी तवा क्वार्टरात स्वेटर विणत व्हते. हिचा नवरा गेला म्हणून हिला मिळतंय. माझा गेला म्हणून मला मिळतंय. पर ही आजून राबून खातीया. हितं फुकटचं खाणारी कोण असंल, तर ती मी.”