पाच भोकांची नळी

कासबूनने दोन झुरके घेतले आणि नळी टेबलावर आपटली.

"ही सिगारेट आहे होय? यापेक्षा सायकलच्या पंपाला तोंड लावतो!"

यात्मीबाईंच्या कॉफीच्या टपरीत हशा पिकला. दातकोरणी कॉफीच्या साक्यात बुडवून आपापल्या सिगारेटवर वेलबुट्टी काढत बसलेली माणसंसुद्धा हात थांबवून हसली. जावा बेटावरच्या आमच्या तुलुंगागुंगमध्ये असंच असतं. आधी कॉफी प्यायची, मग तिच्या साक्याने सिगारेट रंगवायची, वाळवायची आणि मगच पेटवायची.

कासबूनची बायको पोनिरा तेवढी हसली नाही. नळी तिने केली होती. बोटभर बांबू, पुढच्या तोंडात सिगारेट खोचायची, आत सावरीच्या कापसाचा बोळा, अंगावर ओळीने पाच बारीक भोकं, छत्रीची काडी तापवून पाडलेली. वरून सरकणारं एक पितळी कडं. कडं एक घर मागे घेतलं की एक भोक उघडायचं, हवा जास्त यायची आणि धूर कमी. सगळी झाकली की नेहमीची क्रेतेक, म्हणजे आमची लवंग घातलेली सिगारेट; पाचही उघडली की धूर नावालाच.

महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी कासबूनच्या छातीचा फोटो उजेडात धरला होता. असंच चाललं तर वर्षभरात घरात ऑक्सिजनची टाकी आणावी लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाहेर पडताच या गृहस्थाने खिसे चाचपले आणि विचारलं, "काडेपेटी कुठाय?" सोडा म्हणावं तर, "क्रेतेकआधी तुला सोडीन," हे उत्तर ठरलेलं. पोनिराने कारखान्यात एकतीस वर्षं क्रेतेकच वळल्या होत्या, दिवसाला तीन-तीन हजार. त्यातल्या किती आपल्याच माणसाच्या छातीत गेल्या, याचा हिशेब ती रात्री मांडत बसे.

कासबूनने नळी पुन्हा उचलली, या वेळी भोकावर अंगठा दाबून.

"आधी भोकावरचा अंगठा काढा," ती म्हणाली.

"तो आपोआप जातो."

ती वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी नवी नळी घेऊन आली. भोकं आता पार पुढे, सिगारेटच्या निखाऱ्याकडे. तिथे अंगठा ठेवायची कुणाची छाती नव्हती.

कासबूनने ओढून पाहिली. मान हलवली. "काहीतरी राहिलंय."

"काय राहिलंय?"

"ते मला काय ठाऊक!"

नळी टपरीभर फिरली. निवृत्त पोस्टमन मुजियोनो यांनी डोळे मिटून झुरका घेतला. "धूर आहे, लवंग आहे. पण बु, खरंच काहीतरी राहिलंय." आमच्याकडे बाईमाणसाला आदराने बु म्हणतात.

पोनिराने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. तिने नळी पुसली, न पेटवताच ओठांत धरली, काढली आणि ओठांवरून जीभ फिरवली.

"गोडी," ती म्हणाली.

कारखान्यात क्रेतेकच्या टोकाच्या कागदाला गोड पाणी लावतात. ओठांना आधी गोड लागतं, मग धूर येतो. नळीत मात्र ओठांशी कोरडा बांबू. चाळीस चाळीस वर्षं ओढणाऱ्यांना जे सांगता आलं नाही, ते या बाईने एका क्षणात पकडलं. असल्या डोक्यापुढे हात जोडावेत, दुसरं काय!

यात्मीबाईंनी माडाच्या गुळाचा पाक वाटीत काढून दिला. पोनिराने नळीचं टोक त्यात बुडवलं. कासबूनने झुरका घेतला. लगेच दुसरा घेतला. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नसते.

मग तिने कडं सरकवून पाचही भोकं झाकली आणि खरी गोष्ट काढली.

"उद्या माझा जन्मवार."

आमच्या पंचांगात सात वारांची पाच बाजारवारांशी जोडी लागते, म्हणून जन्माच्या दिवशीची जोडी, म्हणजे जन्मवार, दर पस्तीस दिवसांनी येतो, त्यामुळे कासबूनने तो कधी मनावर घेतला नव्हता. "मग? नेसायला नवं सारोंग पाहिजे?"

"सारोंग नको. एक भोक द्या."

"काय?"

"एक भोक. पुढच्या जन्मवारापर्यंत उघडं ठेवायचं."

सगळी टपरी त्याच्याकडे बघत होती. चारचौघांत बायकोला एक भोक नाकारणार कसं? "घे बाई, घे," तो म्हणाला. "एवढंसं तर आहे."

पस्तीस दिवसांनी तिने पहिल्याच्या जोडीला दुसरं मागितलं. मग तिसरं. तिसऱ्याला तो चिडला, दोन दिवस कडं गुपचूप पुढे ढकलून ओढली आणि तिसऱ्या दिवशी आपणच मागे घेतलं. दिलेली वस्तू काढून घ्यायची लाज वाटली म्हणे. चौथ्यानंतर तो टपरीकडे येताना पुलावर धापा टाकत थांबायचा बंद झाला. पाचव्यानंतर नळीत धूर थोडा आणि गूळच जास्त उरला.

सहाव्या जन्मवारी मुजियोनोंना चेष्टेची लहर आली. "काय बु पोनिरा, भोकं तर संपली. आज काय मागणार?"

पोनिरा वाटीतला गूळ ढवळत राहिली. हिशेबाने पाचच घरं केली होती तिने. पुढे काय करायचं ते तिलाही सुचलं नव्हतं.

कासबून मान खाली घालून सिगारेट रंगवत होता. इतरांना दहा मिनिटं लागतात, त्याला तास झाला. पानं, फुलं, पानांच्या शिरासुद्धा काढल्या. बशीच्या कडेला वाळवली. नळीत बसवली. टोक गुळात बुडवून ओठांत धरली आणि सावकाश, छाती भरून श्वास घेतला.

मुजियोनोंनी लायटर पेटवून पुढे केला.

कासबूनने तळहाताने ज्योत बाजूला सारली.

"राहू द्या. आज हिचा जन्मवार आहे. एवढी नक्षी कशाला जाळायची?"

पोनिराने गुळाची वाटी त्याच्याकडे सरकवली.