शेवटचा माणूस

सबीना चाचणीत नापास झाली, तर सर्जेरावांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. गळ्यातली शिट्टी आणखी वर्षभर गळ्यातच राहणार होती, फेब्रुवारीत हरिश्चंद्रगडाला जाताना जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा मिळणार होती, आणि निम्मं शिरूर त्यांना 'लीडर' म्हणत राहणार होतं. ती पास झाली, तर मागच्या बाकावर पातेल्यांशेजारी बसायचं होतं. म्हणून यंदा त्यांनी स्वतःच हरवायचं ठरवलं.

गिरिभ्रमण मंडळाची रीतच तशी होती. नवा लीडर घडवायचा, तर त्याच्या हाती माणसं द्यायची आणि वाटेत एकाला गुपचूप लपवायचं. पुढचा थांबा यायच्या आत त्याच्या ध्यानात आलं पाहिजे आणि पुढचं सगळं नियमानं झालं पाहिजे. नियम सर्जेरावांचेच, वहीत लाल शाईनं लिहिलेले. दरवर्षी लपायचा मान बन्सीचा असे. पण बन्सीची बडबड थांबली की कुणालाही कळतं. मागून मुकाट चालणारा शेवटचा माणूस मात्र नवे लीडर हटकून मोजायला विसरतात.

कवठे येमाईच्या पुढं माळावर त्यांनी आपली पिशवी बन्सीकडं दिली आणि घाणेरीच्या जाळीमागं ओघळीत जाऊन बसले.

पाच मिनिटंही झाली नाहीत. सबीना शिक्रापूरच्या कारखान्यात माल तपासायला होती. दिवसाला हजार नग नजरेखालून घालणारी बाई. हरवलेल्याला हाक म्हणून थाळीवर तीन ठोके पडले. ऐकणाऱ्यानं उलट शिट्टी द्यायची, असा नियम होता. सर्जेराव गप्प राहिले. आता ही घाबरणार, चौघांना चार दिशांना पिटाळणार, आणि माणसं पांगवली की नापास.

सबीनानं सगळ्यांना लिंबाखाली बसवलं.

"मामा हरवल्यात," ती म्हणाली, ओघळीपर्यंत जाईल अशा बेतानं. "मामांचाच नियम हाय, हरवल्यालं माणूस जागचं हलत न्हाई, आन् बाकीच्यांनी अर्धा तास पांगायचं न्हाई. तवा डबे सोडा."

सगळ्यांचे डबे एकत्र सोडायचे, ही मंडळाची दुसरी रीत. बन्सीनं मामांची पिशवी उघडली आणि तुळजामामींनी बांधून दिलेल्या गुळाच्या पोळ्या मोठ्यानं मोजल्या. आठ. तूप वेगळं.

ओघळीत मुंग्या होत्या. सर्जेराव पोळ्या कानानंच मोजत बसले. पहिली अक्रमनं मोडली. तिसरीला राबियानं खसखस किती घातलीय ते विचारलं. पाचवीला बन्सी म्हणाला, की मामा असते तर यातली एक तरी आपल्याला दिसली असती का.

सहाव्या पोळीला ओघळीतून शिट्टी वाजली.

सबीना अक्रमला घेऊन आली, खांद्यावर दोर टाकून. नियमाप्रमाणं आधी नाव विचारलं, मग कुठं लागलंय का, मग चक्कर येतीय का. सर्जेरावांनी स्वतःचं नाव बापाच्या नावासकट सांगितलं. तोवर लिंबाखाली उरलेल्या पोळ्यांचाही निकाल लागत होता. मग तिनं हात पुढं केला.

"शिट्टी द्या, मामा. माणूस सापडलं की लीडरनं एक लांब शिट्टी मारायची."

हाही नियम त्यांचाच. त्यांनी गळ्यातली दोरी काढून दिली. लांब शिट्टी झाली. ती परत आली नाही आणि त्यांनीही मागितली नाही.

परतीच्या जीपमध्ये मागच्या बाकावर, पातेल्याला गुडघा लावून, त्यांनी वही उघडली. निघाले चौदा, परत चौदा. हरवले एक, सापडले एक. सबीना पास. हरवलेल्याचा वाटा म्हणून तिनं अर्धी पोळी राखून ठेवली होती, ती खात त्यांनी खाली आणखी एक ओळ घातली: पोळ्या आठ. साडेसात कुणी खाल्ल्या ते लिहिलं नाही. कुणाच्या घरच्या होत्या, ते मात्र लाल शाईनं लिहिलं.