शेपटासकट

तिसरं गाणं वाचलं आणि अस्मिताची खात्रीच पटली. घरात फितुरी झाली होती.

गाणं सुरंगीचं होतं. सुरंगी म्हणजे अस्मिताच्या संगीतकार मित्राने, यतिनने, मनाने उभी केलेली एक कोवळी गायिका. ती कशी वर चढते आणि कशी कोसळते, याचा अख्खा अल्बम तो सिडनीत, क्वेकर्स हिलमधल्या घरी बसून रचत होता. महामारीत राज्यांच्या सीमा बंद. म्हणून अस्मिता इकडे मेलबर्नला, टार्निटमध्ये, भिंतीतल्या कपाटात शिरून गायची. चहूकडे दुलया आणि जॅकेटं, मांडीवर लॅपटॉप, कानांवर हेडफोन, समोर माईक. यतिनची अट एकच होती: काही कापू नकोस, फाइल शेपटासकट पाठव, साफसफाई मी करीन.

तिसऱ्या गाण्यात सुरंगीचे कार्यक्रम बंद पडतात आणि ती आईला फोनवर सांगते, हॉल खच्चून भरला होता. अस्मिता काम करायची तो कॅफेही बंद पडला होता, आणि ती आईला रोज सांगत होती, आत्ताच शिफ्टवरून आले. हे इथे एकाच माणसाला ठाऊक होतं. स्पृहाला.

स्पृहा तिची युनिव्हर्सिटीपासूनची मैत्रीण. दोघींनी मिळून घर भाड्याने घेतलेलं. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. हल्ली फोन वाजला की स्पृहा कुजबुजत गॅरेजमध्ये पळायची. जुलैच्या थंडीत त्या गॅरेजमध्ये ही बया कोणाशी बोलत होती? अस्मिता कपाटातून बाहेर आली की ही हजर. नाक लाल, चेहरा साळसूद. "झालं गाणं? चहा टाकू?" म्हणे. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण जग काही आंधळं नसतं. अस्मिताने तिच्या हातचा चहा सोडला. मग बोलणंही सोडलं. लॉकडाऊनमध्ये बोलायला घरात एकुलतं एक माणूस, आणि त्याच्याशीच अबोला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, दुसरं काय!

स्पृहाने दोनदा विचारलं, "काय झालंय तुला?" मग तीही गप्प झाली. एके दिवशी ती दुसरीकडे खोली शोधताना दिसली. जाऊ दे, असं अस्मिता मनाशी म्हणाली, आणि तिला रडू आलं.

त्याच आठवड्यात शेवटचं गाणं आलं. सुरंगी गाणंच सोडते, कारण जिच्यावर जीव टाकला त्या मैत्रिणीनेच दगा दिला.

अस्मिता वाचता वाचता थबकली. दग्याचं हे तर तिने फक्त आईला सांगितलं होतं. कपाटात बसून, दुलईत तोंड खुपसून. स्पृहाला ते कळणार कुठून?

तिने यतिनला फोन लावला. "खरं सांग, माझ्या घरातलं तुला कोण सांगतं?"

"कोण म्हणजे? तूच की," यतिन म्हणाला. "गाणं संपलं तरी तू रेकॉर्डिंग चालूच ठेवतेस, आणि तिथूनच आईला फोन लावतेस. मला वाटलं, सुरंगीसाठी मुद्दाम ऐकवतेयस. नको असेल तर काढतो, नो वरीज."

अस्मिताने फोन ठेवला. गाणं झालं की कपाटातच ऊब म्हणून बसायचं, ही तिची सवय. बटण बंद करायचं तिच्या ध्यानातही नसे.

तिने कालची फाइल लावली आणि पहिल्यापासून ऐकू लागली. पहिलं कडवं संपलं. पुढचं सुरू होण्याआधी थोडी शांतता होती. त्या शांततेत कपाटाच्या दाराबाहेर एक फोन वाजला आणि झटकन बंद झाला. गाताना हेडफोनमुळे तिला तो ऐकूच आला नव्हता. मग स्पृहाची कुजबुज आली.

"आई, थांब हं, गॅरेजमध्ये जाते. इथे बोलले तर तिच्या गाण्यात येईल."