देवाचं पीठ

होडीच्या बुडातली फट पहिल्यांदा राहीबाईनेच पाहिली, पण ती बोलली नाही. बोललं तर कुणीतरी म्हणेल, ते गाठोडं खाली ठेव आणि पाणी उपसू लाग.

गाठोड्यात गव्हाचं पीठ होतं. लढाईवर गेलेला मुलगा धड परत आला, त्याचा नवस. सोवळ्यात दळलेलं पीठ. देवापुढे जाईपर्यंत भुईला टेकवायचं नाही, त्याला पाय लागू द्यायचा नाही. विट्याहून गुळाच्या ट्रकात, पाटणच्या पुढे बैलगाडीत आणि आता कोयनेच्या पाण्यावर शिडाच्या होडीत, जो घेईल त्याला हात करत ती आली होती. गाठोडं मांडीवरून उतरलं नव्हतं. धरण झालं तेव्हा तिचं गाव पाण्याखाली गेलं, देऊळ तेवढं टेकावर राहिलं. तिथे आज सप्ताहाचा काला होता.

"पाणी कुठनं येतंय रं?" नाथाजी मृदंग्या ओरडला. काल्याच्या कीर्तनात साथ करायला तोही तिकडेच निघाला होता. बैलगाडीपासून दोघं बरोबर होते.

कोंडीबा नावाड्याचा एक हात सुकाणूवर होता, दुसऱ्यात शिडाची दोरी. वारा डोंगरावरून अंगावर धावून येत होता. "डोलकाठीच्या बुडाशी बगा. सांधा उसवला असंल."

उसवलाच होता. दोन फळ्यांमधलं भरण गेलं होतं आणि पाणी उसळत होतं.

"मग शीड उतरव की गड्या!"

"उतरवलं तर मधीच ऱ्हातो. हा वाराच न्हेईल काठाला. बुवा, मृदंग ठेवा अन् डबा घ्या. ताल मागनं धरा."

नाथाजीने मृदंग मिठाच्या पोत्यांवर ठेवला आणि पाणी उपसायला घेतलं. कोंडीबाने दोरी दातात धरून पायानेच दोन पोती पाण्यात लोटली. मीठ त्याचंच होतं. त्याने वळूनही पाहिलं नाही.

नाथाजीने उपरणं फटीत कोंबलं. पाण्याने ते वर ढकललं. पुन्हा कोंबलं, पुन्हा वर आलं.

"नुसतं कापड ऱ्हात न्हाई. वर चिकट पायजे कायतरी. लांबी, डांबर, कायबी." कोंडीबाची नजर फिरत फिरत गाठोड्यावर थांबली. "मावशी, त्यात काय हाय?"

"काय न्हाई."

नाथाजीचा हात थांबला. बैलगाडीत सगळी वाट तिने त्याला पिठाचीच हकिकत सांगितली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने गाठोड्यावर पदर ओढला. तो पुन्हा उपसू लागला.

पाणी घोट्याच्या वर आलं. होडी जड झाली आणि वाऱ्यासरशी एका अंगाला कलली.

"मावशी, लुगडं पांढरं झालंया तुमचं. पीठ हाय ते."

"देवाचं हाय! ल्योक लढाईवरनं परत आला, त्याचा नवस हाय!"

"माजी तिगं हायती त्या काठाला," कोंडीबा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "धाकटीला अजून चालाय येत न्हाई. तुमचं आलं परत."

राहीबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दातांनी गाठ सोडली.

"मळा बुवा, घट्ट मळा. पर हातानंच दाबायचं. पाय लावायचा न्हाई, सांगून ठेवते."

नाथाजीला कणीक शिकवायला नको होती. मृदंगाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, ती लावल्याशिवाय त्याचं कीर्तन सुरू होत नसे. गाठोड्यातच पाणी शिंपडून त्याने घट्ट गोळा केला, उपरण्यासकट फटीत ठासला आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरला. धार थांबली. पुढच्या लाटेवर होडी आपटली आणि गोळा तळव्यांखाली फुगून वर येऊ लागला.

"टाच द्या!" कोंडीबा ओरडला. "सगळा भार पायजे!"

नाथाजी उभा राहिला. त्याने पाय उचलला. तो पाय काही खाली येईना. त्याने राहीबाईकडे पाहिलं.

"सरका," ती म्हणाली.

डोलकाठीला मिठी मारून तिने देवाचं नाव घेतलं आणि त्या कणकेवर टाच रोवली. काठ येईपर्यंत ती तशीच उभी होती, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. नाथाजी उपसत राहिला.

टेकावरून टाळ ऐकू येत होते. कीर्तन उभं राहिलं होतं. कोंडीबाने होडी गाळात ओढली आणि तिथेच गाळात बसून घेतलं.

राहीबाई होडीच्या काठावर पाण्यात पाय सोडून बसली.

"चला की आक्का, काला गाठायचा न्हवं?" नाथाजी म्हणाला.

"काय घिऊन येऊ? हात रिकामं. अन् वर पाय दिला मी त्याच्यावं."

नाथाजी होडीत वाकला. त्याने फटीतली कणीक बोटांनी कोरून काढली, वरचा गाळ धोतराच्या सोग्याला पुसला.

"आवं, काय करताय? पायाखालची हाय ती!"

"व्हय. बगितलंय मी." त्याने गोळा मुठीत घेतला, मृदंग खांद्याला लावला आणि टेक चढू लागला.

वर अजून नुसतेच टाळ वाजत होते.

टाचेला कणीक चिकटली होती. ती धुवायला राहीबाई वाकली, एवढ्यात वरून मृदंगाची थाप आली. डाव्या हाताची, भरदार. पाण्यावरून पलीकडच्या डोंगरापर्यंत गेली.

राहीबाईने टाच न धुताच पाय पाण्यातून वर घेतला.