बारीक शिट्टी

"दाब की आता बटण," मास्तर म्हणाले.

मेकॅनिकचं बोट बटणावरच होतं. दुसरा हात कानावर. हँगरच्या दारात पसरलेलं कुत्रं उठलं आणि शेपूट घालून बाहेर पळालं.

"मास्तर, केव्हाचं वाजतंय."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ग्लायडरच्या पुढच्या सीटवर बसलेल्या लेकीकडे. ती मान खाली घालून पट्ट्याच्या बकलाशी चाळा करत होती.

हे यंत्र मास्तरांनीच हट्टाने मागवलं होतं. दुसरं ग्लायडर अंगावर येऊ लागलं की ते बारीक शिट्टी घालतं. जुनं कधी वाजलंच नाही, भंगार आहे नुसतं, असं ते मैदानभर सांगत सुटले होते. लेक नको नको म्हणाली, तर तिलाच गप्प बसवलं. आपले कान तयार आहेत याची त्यांना खात्री होती. बिनइंजिनाचं ते विमान वर चढताना उंचीच्या यंत्रातून येणारी टुकटुक, खाली येतानाचा जाडा सूर, सगळं ते डोळे मिटून ओळखायचे.

एके काळी अर्धं मैदान त्यांच्या हाताखाली शिकलं. हल्ली ते फक्त लेकीबरोबर उडायचे. ती पुढे, ते मागे. आणि लेक त्यांच्या मते भित्री भागूबाई होती. सरळ चाललेलं ग्लायडर मधेच सपकन वळवायची. मग बाजूने दुसरं एखादं निघून जाताना दिसायचं. केवढं लांब होतं ते, म्हणून मास्तर करवादायचे. तिच्या बरोबरीचे सगळे एकट्याने उडून आले. हिचं आपलं एकच, बाबा, इतक्यात नको. आज सकाळी स्पर्धेचा संघ ठरला. एकट्याने न उडालेल्यांना त्यात जागा नव्हती. चारचौघांत ते तिला म्हणाले होते, माझं नाक कापलंस.

आता त्यांना तिचं एकेक वळण आठवलं. ते ग्लायडर लांब होतं, कारण तिने वेळेवर वळवलं होतं. मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

मेकॅनिक कुत्र्याला शोधायला गेला. मास्तर ग्लायडरच्या कडेला धरून उभे राहिले. सांगितलं का नाहीस, एवढंच कसंबसं विचारलं. सांगितलं असतं तर तुमचं उडणं त्याच दिवशी बंद झालं असतं, ती म्हणाली. आई गेल्यापासून तुम्ही हसता ते फक्त वर गेल्यावर.

"अगं, पण तू एकटी का नाही उडालीस? तुला तर ऐकू येत होतं."

तिने पट्टा सोडवला आणि बाजूला ठेवला.

"मी एकटी उडायला लागले असते, बाबा, तर तुम्हीही एकटेच उडाला असता."