फजची परीक्षा

“वास काय म्हणतोय?” सासूबाईंनी विचारलं.

सुनेनं कढईजवळ नाक नेलं. दाणे तडतडत होते. “अजून कच्चट येतोय. अर्धं मिनिट ठेवू?”

“तूच ठरव बाई.”

ठरव म्हणे! बाजारातली तीन दुकानं या घरच्या पीनट बटर फजच्या वड्यांची वाट बघायची, आणि आपला लाकडी चमचा कोणाच्या हाती द्यायचा याचा निकाल आज लावते, असं सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं होतं. सुनेला नाही मिळाला तर थोरल्या नणंदेला. नणंदबाई तर एका पायावर तयार होत्या.

सासूबाईंची शिकवायची तऱ्हाच न्यारी. तीन वर्षांत एक सरळ उत्तर दिलं असेल तर शपथ. नुसते प्रश्न. मीठ पुरे का? दाणा गोड का कडवट? एकदा तर शेगडीवर दूध करपलं, घरभर वास सुटला, आणि बाई तिकडे पाठ करून निवांत विणत बसलेल्या! सून अंगणातून धावत आली, तेव्हा एवढंच म्हणाल्या, “तुला कळलं ना? बरं झालं.” सून थक्क झाली. शिकवण्यासाठी स्वतःच्या घरचं दोन लिटर दूध जाळणारा गुरू मिळतो कुणाला?

दाणे खरपूस झाले तसे तिनं ते उतरवले, सोलले आणि गरम असतानाच यंत्रात फिरवले. तेल सुटून लगदा चकचकीत झाला. दुसऱ्या पातेल्यात साखर, दूध, लोणी रटरटत होतं. सासूबाई चष्मा सावरत पुढे आल्या. गार पाण्याच्या वाटीत त्यांनी पाकाचा थेंब सोडला आणि दोन बोटांत धरला. मऊ गोळी झाली.

“उतरव!”

सुनेनं मनोमन हात जोडले. सत्तरीची ती बोटं एकदाही चुकलेली तिनं पाहिली नव्हती. देवानं अगदी फुरसतीत घडवलेला हात! आपल्याला हा जन्मात जमायचा नाही, असं तिला दर वेळी वाटायचं.

पाकात पीनट बटर पडलं.

“मीठ?”

सुनेनं चमच्याच्या टोकाएवढं जिभेवर ठेवलं. “चिमूटभर आणखी.”

“नक्की?”

“नक्की,” ती म्हणाली, आणि आपल्याच ठामपणाचं तिला नवल वाटलं.

सासूबाई स्वतः कधीच चाखत नसत. करणाऱ्याची जीभ फितूर असते, असं त्यांचं म्हणणं.

मग घोटणं. “थांबू नकोस, अजून चमक आहे.” हात भरून आला, खांदा बोलायला लागला. अखेर चमक गेली, फज ताटात ओतला गेला, निवला. सुरीखाली चौकोन असे सुबक सुटले की एक कड म्हणून ढासळली नाही.

“आई, आज तरी आधी तुम्ही.”

सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटून कितीतरी वेळ चघळत राहिल्या. सुनेचा जीव टांगणीला. मग त्यांनी लाकडी चमचा पदराला पुसला आणि तिच्या हातात ठेवला.

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “म्हणजे जमला?”

“ते तू खाऊन सांग.”

“अहो, आता तरी पुरे करा परीक्षा! तुम्ही खाल्लात ना?”

“मी काय परीक्षा घेणार गं तुझी,” सासूबाई तिच्याकडे डोळे भरून बघत म्हणाल्या. “तीन वर्षांपूर्वीच्या त्या तापात माझ्या नाकाचा वास गेला न् जिभेची चवही गेली. तेव्हापासून मी तुलाच विचारतेय.”